चोक कुठे, दिवा कुठे आणि मधली वायर किती?



शेवंतीवरचं आमचं बोलणं ऐकल्यावर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. रात्री पॉलिहाऊसमध्ये दिवे लावायचे तर वायर कोणती घ्यायची, ती किती लांब नेली तर चालते, आणि चोक सगळे एका खोलीत ठेवले तर चालतील का? आज एवढंच बोलायचं आहे. प्रश्न किरकोळ वाटतो, पण याचं उत्तर माहीत नव्हतं म्हणून आमच्या गटाच्या पहिल्या लावणीतल्या शेवटच्या टोकाच्या बेडमधली शेवंती वीतभर उंचीवर असतानाच कळीला आली. तेवढ्या बुटक्या काड्यांना बाजारात कुणी हात लावत नाही. गटाच्या बचतीतून काढलेलं कर्ज होतं ते, त्यामुळे प्रत्येक काडी मोजलेली होती.

आधी हे दिवे कशासाठी ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्यानं ऐकणाऱ्या मैत्रिणींना पुढचं कळेल. शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली की तिला वाटतं आता फुलायची वेळ झाली, मग ती वाढ थांबवून कळी धरते. आपल्याकडे जूनमधला सगळ्यांत मोठा दिवससुद्धा साधारण सव्वातेरा तासांचाच. म्हणजे लांब दांड्याच्या शेवंतीच्या हिशोबानं आपल्या रात्री जवळजवळ वर्षभर लांबच. म्हणून लावणीनंतरचे पहिले चार-पाच आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास, रात्री १० ते २ असे चार तास दिवे लावून आपण तिची रात्र मोडतो. दोन तुकड्यांत मोडलेली रात्र तिला छोटी वाटते आणि ती उंच वाढत राहते. हवी तेवढी उंची मिळाली की दिवे बंद, मग सगळे बेड एकदम कळी धरतात आणि तोडा एकत्र निघतो. दसरा-दिवाळी साधायची तर हे एकत्र येणं फार महत्त्वाचं.

या कामाला उजेड फार लागत नाही. पानांवर शंभर लक्सच्या आसपास पुरतो. हॉलंडच्या काचघरांत गुलाबाला किंवा टोमॅटोला सूर्याची उणीव भरून काढायला दिवे लावतात, तो प्रकार वेगळा, तिथे याच्या कित्येक पट उजेड लागतो. आपल्याला फक्त रात्र मोडायची आहे. पण मोडायची ती प्रत्येक बेडवर, आणि रोज. चार दिवे लागले आणि चार नाही लागले, तर अर्धं पॉलिहाऊस दिवस समजतं आणि अर्धं रात्र.

आमचं नेमकं तेच झालं.

आम्ही दिवे घेतले ते सोडियमचे. एसटी स्टँडवर, नाक्यावर पूर्वी पिवळाकेशरी उजेड पडायचा ना, तेच. रस्त्यांवर एलईडी आल्यावर हे जुने सोडियमचे दिवे भंगारात स्वस्त मिळू लागले. २५० वॅटचे आठ दिवे घेतले, चोक-बिक सगळ्यासकट. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, चाळीस मीटर लांब. त्यात चार-चार दिव्यांच्या दोन ओळी. वायरिंग करणाऱ्या दादांनी आठही चोक दाराशेजारच्या खोलीत एका फळीवर ओळीनं मांडले. आम्हालाही ते फार आवडलं. नीटनेटकं, पावसापाण्यापासून लांब, काही बिघडलं तर एकाच जागी बघायला सोपं. तिथून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायर. पहिल्या दिव्याला सहा मीटर, शेवटच्याला चाळीस.

पहिल्या रात्री दाराजवळचे चार दिवे झकास लागले. तिसरी जोडी कधी लागायची, कधी नाही. शेवटची जोडी लागलीच नाही. खोलीतून नुसती टिक-टिक, टिक-टिक ऐकू यायची.

दादा म्हणाले, बल्ब गेलेत, जुना माल आहे. आम्ही शेवटच्या दोन दिव्यांसाठी नवे बल्ब आणले. तेही लागले नाहीत. तेव्हा आमच्या गटातल्या एका काकूंनी साधी गोष्ट सुचवली. त्या म्हणाल्या, मिक्सर चालेना झाला की आपण तो दुसऱ्या बटणावर लावून बघतो, तसं करा. मेन स्विच बंद करून, बल्ब गार झाल्यावर शेवटचा बल्ब काढून पहिल्या जागी लावला आणि पहिला शेवटी. तर शेवटचा 'गेलेला' बल्ब पहिल्या जागी लख्ख लागला आणि पहिला चांगला बल्ब शेवटी मुकाट बसला. म्हणजे दोष बल्बात नव्हता, जागेत होता. ही अदलाबदल नवे बल्ब आणायच्या आधी केली असती तर ते पैसे वाचले असते.

जागेत दोष कसा असेल, हे आम्हाला समजावलं ते याच काकूंच्या भाचीनं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स केलेली पोर. तिनं फळीवरचं एक खोकं उघडून आतली मंडळी दाखवली.

सोडियमच्या दिव्यात बल्ब सोडून तीन वस्तू असतात. पहिली चोक, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला तो जड ठोकळा. यालाच बॅलास्ट म्हणतात. सोडियमचा बल्ब एकदा पेटला की त्याला आवर राहत नाही, तो वीज ओढतच सुटतो. चोक त्याला लगाम घालतो. २५० वॅटच्या बल्बला साधारण तीन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. दुसरी वस्तू इग्निटर, आगपेटीएवढी किंवा थोडी मोठी डबी. थंड बल्बातला वायू घरातल्या २३० व्होल्टला दाद देत नाही. त्याला जागं करायला क्षणभर तीन ते साडेचार हजार व्होल्टचा झटका लागतो. तो झटका इग्निटर देतो, पुन्हा पुन्हा, बल्ब पेटेपर्यंत. ती टिक-टिक त्याचीच. आणि तिसरी वस्तू कपॅसिटर, ॲल्युमिनियमचा डबा. गावात कंडेन्सर म्हणतात. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता लांबीची गोष्ट. भाचीनं आधी हे पक्कं करून घेतलं की वायरीच्या लांब्या दोन आहेत आणि दोघींचं दुखणं वेगळं. एक, मीटरपासून चोकपर्यंतची. दुसरी, इग्निटरपासून बल्बपर्यंतची. आपण सरसकट 'वायर लांब आहे' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

इग्निटर ते बल्ब ही लांबी आधी घेऊ. इग्निटरचा झटका व्होल्टला मोठा, पण जीवानं अगदी छोटा असतो, क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरता. आणि दोन वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या की त्या दोघी मिळून स्वतःच एक छोटा कपॅसिटर बनतात. झटका निघाला की आधी ह्या वायरींचंच पोट भरण्यात त्याची ताकद जाते. चुलीची फुंकणी आठवा. हातभर फुंकणीतून फुंकलं की निखारा फुलतो. तीच फुंकर चाळीस मीटरच्या रबरी नळीतून घाला, पलीकडे राखही हलत नाही. फुंकणारीचा दम तोच, बल्बही तोच, मधली नळी नडते. म्हणून सहा मीटरवरचा दिवा लागत होता आणि चाळीस मीटरवरचा नाही.

किती मीटर चालतं याचं एकच उत्तर नाही, कारण इग्निटरच्या जाती वेगळ्या आहेत. ज्याच्यातून बल्बची सगळी वीज वाहते आणि झटका जो स्वतःच्याच गुंडाळीतून देतो, त्या जातीला बल्ब जवळच लागतो, काहींना तर मीटर-दोन मीटरच्या आत. चोकच्या गुंडाळीचा आधार घेऊन झटका देणारी दुसरी जात आहे, ती याहून लांबवर पोचते. डबीवर किंवा तिच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. भंगारातल्या डबीवरचं पुसलेलं असेल तर सरळ जवळ ठेवा, वाद नको.

आणखी दोन बारीक गोष्टी तिनं सांगितल्या, त्या आम्ही वहीत लिहून ठेवल्या. झटक्याची वायर होल्डरच्या मधल्या टोकाला जोडायची, बाहेरच्या आट्यांना नाही. म्हणजे उंच व्होल्टेज आत झाकलेलं राहतं. आणि घरात वापरतो ती वायर ११०० व्होल्टपर्यंतची असते. तिच्यातून हजारो व्होल्टचे झटके रोज लांबवर पाठवले की तिचं आवरण हळूहळू मरतं. म्हणून बल्ब पेटत नसताना टिक-टिक रात्रभर चालू ठेवू नका. त्या आवाजात वायर, होल्डर आणि चोक तिघं झिजत असतात. पाच-दहा मिनिटांत नाही लागला तर बंद करा.

उपाय सोपा निघाला, पण हाताला लागला. आठही चोक फळीवरून उतरवले आणि ज्याचा त्याचा इग्निटर-कपॅसिटर बरोबर घेऊन प्रत्येक दिव्याशेजारी नेले. २५० वॅटचा चोक तीन किलोच्या आसपास भरतो, तो पिकाच्या आधाराच्या तारेला टांगायचा नाही. लोखंडी खांबाला क्लॅम्पनं, हवा खेळेल अशा पत्र्याच्या पेटीत बसवायचा, कारण तो चांगलाच तापतो. पॉलिहाऊसच्या कागदापासून लांब हवा, नाहीतर कागद भाजतो. बल्बसुद्धा काचेच्या झाकणाचा घ्या. फॉगर चालू झाला आणि तापलेल्या उघड्या बल्बवर गार थेंब पडला तर काच तडकते.

त्या रात्री आठही दिवे लागले. आम्ही तिथेच चहा केला.

पण आठवडाभरात दुसरं दुखणं वर आलं. दिवे लागायचे, पण मलूल. रात्री थ्री फेज आली आणि शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की शेवटची जोडी विझायची, गार होऊन परत पेटायची, परत विझायची. सोडियमचा दिवा विझला की लगेच लागत नाही, थोडा गार व्हावा लागतो, आणि लागल्यावर पूर्ण उजेडाला आणखी चार-पाच मिनिटं घेतो. रात्रीच्या चार तासांत असे पाच-सहा खंड पडले तर शेवंतीला आपण काय सांगतोय ते तिलाच कळेना.

दादा आले, मल्टीमीटर लावला. मीटरच्या पेटीत २१४ व्होल्ट, पॉलिहाऊसमध्येही २१४. ते म्हणाले, वायर ठीक आहे, गावचं व्होल्टेजच कमी आहे, तुम्ही तक्रार करा. आम्ही मान डोलावली. भाचीनं एकच विचारलं, दिवे चालू असताना मोजलं का? नव्हतं मोजलं. दुपारचं मोजलं होतं. रात्री दिवे पेटल्यावर मोजलं तर पेटीत २१४ आणि पॉलिहाऊसच्या दारात १९४. शेवटच्या दिव्याजवळ आणखी चार-पाच कमी.

मैत्रिणींनो, हे ठिबकवरून लगेच कळेल. लॅटरलच्या शेवटी बूच लावून सगळे ड्रिपर बंद केले, तर पाईपभर दाब सारखाच दिसेल. पाणी वाहायला लागलं की शेवटच्या ड्रिपरचा दाब पडतो. वायरीतही तसंच. वीज वाहत नसेल तर वायर कितीही बारीक असो, दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं दिसणार. म्हणून कुणी दिवे बंद ठेवून मोजून 'ओके' म्हणालं तर त्यांना चहा द्या, आणि दिवे लावून परत मोजायला सांगा.

मीटर रस्त्याकडेच्या खांबाजवळ, पॉलिहाऊस तिथून नव्वद मीटर आत. आणि वायर ओढली होती दीड स्क्वेअरची. त्याचा हिशोब आम्ही बैठकीत फळ्यावर मांडला, तो तुम्हालाही सांगतो, कागद-पेन घ्या.

वीज जाते आणि परत येते, म्हणून नव्वद मीटरचे एकशे ऐंशी मीटर धरायचे. हे पहिलं, आणि इथेच निम्म्या जणी चुकतात. तांब्याच्या दीड स्क्वेअरच्या शंभर मीटर वायरीचा विरोध साधारण १.२ ओहम. अडीच स्क्वेअरचा ०.७४, चार स्क्वेअरचा ०.४६, सहा स्क्वेअरचा ०.३१. आमचे आठ दिवे, चोकची खपत धरून प्रत्येकी २८० वॅट, म्हणजे दहा अँपिअरच्या आसपास. आता गुणाकार. दीड स्क्वेअर: १८० मीटरचे २.१६ ओहम, गुणिले दहा, जवळजवळ २२ व्होल्ट वाटेतच खलास. अडीच स्क्वेअर: १३ व्होल्ट. चार स्क्वेअर: ८. सहा स्क्वेअर: साडेपाच. फळ्यावर बावीस आले आणि मीटरवर वीस, कारण व्होल्टेज पडलं की दिवे वीजही थोडी कमी ओढतात. पण हिशोब जुळला हे बघून आमच्या एका ताई, ज्या एरवी बँकेचं पासबुकसुद्धा दुसरीकडून वाचून घेतात, त्यांनी तो फळा पुसू दिला नाही.

दिव्यांच्या वायरीत शंभरामागे तीन, फार तर पाच व्होल्ट पडू द्यायचे, असा वायरमन मंडळींचा ठोकताळा आहे. म्हणजे २३० वर सात ते साडेअकरा. आमचं दहा टक्क्यांच्या घरात गेलं होतं, ते पण आधीच २१४ असताना. सोडियमच्या दिव्याचं असं आहे की व्होल्टेज एक टक्का घसरलं तर त्याची ताकद दोन टक्क्यांहून जास्त घसरते, आणि उजेड त्याहून. साध्या चोकचे दिवे हे सहन करून घेत नाहीत. काही चोकवर २२०, २३०, २४० अशी वेगवेगळी टोकं दिलेली असतात. त्यातलं कमी व्होल्टचं टोक वापरून निभावून न्यायचा मोह होतो. आम्ही तो केला नाही, कारण मध्यरात्रीनंतर शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज परत चढतं, आणि मग तोच बल्ब जळतो.

बैठक खरी तापली ती वायरीच्या बिलावरून. सहा स्क्वेअरची नव्वद मीटर केबल म्हणजे दिव्यांपेक्षा वायर महाग. दोघी-तिघींचं म्हणणं होतं, ॲल्युमिनियमची घ्या, स्वस्त पडेल. पडते, खोटं नाही. पण ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या सव्वा-दीडपट नाही, साधारण १.६ पट. म्हणजे सहाच्या जागी दहा स्क्वेअरची घ्यावी लागते. तरीही ती काही वेळा परवडते. फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम यांचा नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी लावायची नाही. ओलाव्यात तो जोड कुजतो आणि तापतो. त्यासाठी वेगळे लग आणि कनेक्टर मिळतात. आमच्याकडे जोड चांगले करणारं माणूस नव्हतं, म्हणून आम्ही तांब्यावर ठाम राहिलो आणि एक हप्ता उशिरा भरला. तुमच्याकडे असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

केबल जमिनीतून पाईपमधून नेली, पॉलिहाऊसच्या दाराऐवजी मधल्या बाजूला पेटी बसवली आणि तिथून दोन्ही टोकांकडे अडीच स्क्वेअरचे फाटे काढले. टोकावरून चाळीस मीटर ओढण्यापेक्षा मधून वीस-वीस मीटर. आता दिवे चालू असताना शेवटच्या दिव्याजवळ २०७ मिळतात. गावचं व्होल्टेज आमच्या हातात नाही, पण वाटेतली गळती होती.

उरलेली केबल पेटीजवळ वेटोळं करून ठेवू नका. पुढे-मागे उपयोगी पडेल म्हणून आपण सगळं जपतो, पण वीज वाहणाऱ्या वायरीचं वेटोळं एकमेकांच्या उबेत तापतं. कापून बाजूला ठेवा.

आता कपॅसिटर. हा फार गरीब प्राणी, गेला तरी दिवा लागतच राहतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण तो चांगला असेल तर २५० वॅटचा दिवा लाईनमधून दीड अँपिअरच्या आतच ओढतो. गेला असेल तर तीन. उजेड तेवढाच. वीज दुप्पट वाहिली की वायरीतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. आमच्या भंगारातल्या आठपैकी तीन कपॅसिटर फुगलेले निघाले, तेव्हा कळलं की एमसीबी अधूनमधून का पडत होती. आणि हा दिव्याजवळच हवा. मीटरपाशी बसवला तर मधल्या नव्वद मीटर वायरीला त्याचा काहीच उपयोग नाही. एक धोका लक्षात ठेवा. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर थोडा वेळ वीज धरून ठेवतो. त्याच्या टोकांवर छोटा रेझिस्टर असेल तर मिनिटभरात रिकामा होतो, नसेल तर झटका देतो. जुन्या मालात तो रेझिस्टर तुटलेला असतो. त्याच्या टोकांना हात लावायचा नाही, ते काम जाणकाराकडून.

काम जाणकाराकडून करून घ्या हे आम्ही सगळ्याच वायरिंगबद्दल म्हणतो. आम्ही हिशोब शिकलो, वायर आम्ही जोडली नाही. पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी पाईप, ओली माती, अनवाणी पाय आणि फॉगरचं दव. याहून वाईट जागा विजेसाठी शोधून सापडायची नाही. म्हणून तीन गोष्टी पक्क्या हव्यात: सगळ्या सांगाड्याला आणि प्रत्येक चोकच्या पेटीला अर्थिंग, लाईनवर ३० मिलिअँपिअरची गळती धरणारी ईएलसीबी, आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघणं. ती सारखी पडते म्हणून बाजूला काढून थेट जोडणारे महाभाग असतात. पडते म्हणजे कुठेतरी गळतंय, ते शोधा. आणि पंपाच्या कनेक्शनवरून दिवे ओढू नका, पॉलिहाऊससाठी रीतसर वेगळं कनेक्शन घ्या.

काही जणींनी 'ग्रो लाईट' नावानं मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बॅलास्टबद्दल विचारलं होतं. तो हलका असतो, कमी व्होल्टेज बराच सांभाळून घेतो. पण बॅलास्ट ते बल्ब ही वायर त्याच्याबरोबर जेवढी येते तेवढीच ठेवायची, स्वतःच्या मनानं वाढवायची नाही. त्याच्यातून जी वीज बाहेर पडते ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, आणि लांब वायर तिच्यासाठी अँटेना होते. मग शेजारच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीच्या जागी घुं-घुं ऐकू येतं. आमचं हे केंद्र एफएमवर असल्यामुळे त्याला त्रास कमी, पण आजोबांचे शाप आम्हाला नकोत.

आज नव्यानं घेणार असाल तर खरं सांगतो, आम्ही सोडियम घेणार नाही. नुसती रात्र मोडायला एलईडीचे लाल-पांढरे बल्ब पुरतात आणि वीज खूप कमी खातात. आमच्या आठ सोडियमला चार तासांत नऊ युनिट लागतात. पण वायरीचा हिशोब तिथेही सुटत नाही. २३० व्होल्टचे बल्ब असतील तर तो हलका होतो. बारा व्होल्टच्या पट्ट्या घेतल्या तर उलटा जड होतो. साठ वॅटची पट्टी बारा व्होल्टवर पाच अँपिअर घेते. तिचा ड्रायव्हर वीस मीटर लांब ठेवून मध्ये दीड स्क्वेअर वायर टाकली, तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेत. २३० मधून अडीच गेले तर कळतही नाही. बारातून अडीच गेले तर पाचवा हिस्सा गेला. तेव्हा तिथेही ड्रायव्हर पट्टीजवळ, आणि लांबचा प्रवास २३० व्होल्टच्या वायरीनं.

दिवे लावल्यावर पहिल्या आठवड्यात रोज रात्री एक फेरी मारा. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा अगदी बरोबर असतो असं नाही, पण पहिल्या आणि शेवटच्या बेडमधला फरक त्यावर चांगला दिसतो. जो दिवा कधीच लागत नाही त्याचा इग्निटर, होल्डर आणि मधली वायर बघा. जो लागतो, विझतो, परत लागतो, त्याचं व्होल्टेज दिवे चालू असताना बघा. तेही ठीक असेल तर बल्ब म्हातारा झाला. आणि बल्ब बदलायच्या आधी काकूंची युक्ती करा.

दुसऱ्या लावणीला शेवटच्या बेडमधली शेवंती बाकीच्यांच्या बरोबरीनं कमरेला लागली. तोडा दोन दिवसांच्या फरकानं निघाला, तो दाराजवळच्या बेडमध्ये आधी, कारण तिथे ऊन जास्त येतं. त्यावर आता शेडनेट बांधायचं आहे, ते कसं जमतं ते पुढच्या वेळी सांगू.